औषध तेच, वेग वेगळा: संशोधन रुग्णापर्यंत पोचवायला संस्थेला काय करावं लागतं

१९७२ साली न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या ग्रॅहम लिगिन्स आणि रॉस हॉवी या दोन डॉक्टरांनी एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दिवस भरण्याआधीच बाळंतपण होण्याची शक्यता असलेल्या २८२ स्त्रिया या चाचणीत होत्या. काहींना बीटामेथासोन या स्टिरॉइडची इंजेक्शनं दिली, बाकीच्यांना नाही. त्याने पोटातल्या बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात का, एवढंच पाहायचं होतं. उत्तर स्पष्ट मिळालं. जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांतच दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण बीटामेथासोन न मिळालेल्या गटात १५ टक्के होतं, मिळालेल्या गटात ३.२ टक्के.

औषध नवं नव्हतं, महाग नव्हतं आणि द्यायला सोपं होतं. तरीही अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थने, म्हणजे एनआयएचने, तज्ज्ञांना एकत्र बसवून ‘हे द्या’ असं निःसंदिग्धपणे सांगायला १९९४ साल उजाडलं. मधल्या २२ वर्षांत त्याच प्रश्नावर डझनभर चाचण्या झाल्या आणि एकत्र मांडल्यावर त्यांचा कौल तोच निघाला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाही अमेरिकेत ज्या स्त्रियांना हे इंजेक्शन मिळायला हवं होतं, त्यांच्यापैकी पाचांत एकीलाही ते मिळत नव्हतं.

आता दुसऱ्या एका स्टिरॉइडची गोष्ट. डेक्सामेथासोनही जुनं आणि स्वस्त औषध. मार्च २०२० मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी कोविडच्या रुग्णांसाठी ‘रिकव्हरी’ नावाची चाचणी आखली. आराखडा तयार झाल्यापासून नऊ दिवसांत पहिला रुग्ण त्यात दाखल झाला. १६ जूनला निष्कर्ष जाहीर झाला: व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधले मृत्यू साधारण एक तृतीयांशाने घटले होते, ऑक्सिजनवर असलेल्यांनाही फायदा झाला होता, आणि ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांना काहीच लाभ नव्हता. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने त्याच दिवशी उपचाराच्या सूचना बदलल्या.

एकीकडे २२ वर्षं, दुसरीकडे काही तास. ‘महामारी होती, घाई होती’ हे कारण खरं आहे, पण पुरेसं नाही. त्या काळात घाई साऱ्या जगाला होती. अनेक देशांत शेकडो छोट्या चाचण्या सुरू झाल्या, कुठे तीस रुग्ण, कुठे पन्नास, आणि त्यातल्या बहुतेकींतून ठाम असं काहीच हाती लागलं नाही. ब्रिटनमध्ये दीडशेहून जास्त रुग्णालयं एकाच चाचणीत एकाच पद्धतीने काम करू शकली, कारण तिथे २००६ सालीच नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर हेल्थ रिसर्च ही सरकारी संस्था स्थापन झाली होती. तिच्या पैशातून रुग्णालयांत रिसर्च नर्स नेमलेल्या होत्या. त्या कोविडसाठी नेमलेल्या नव्हत्या. त्या आधीपासून तिथे होत्या, दुसऱ्याच आजारांवरच्या चाचण्यांचं काम करत होत्या.

या लेखाचा विषय ती ‘आधीपासून असलेली’ माणसं आणि व्यवस्था हा आहे. प्रयोगशाळेत लागलेला शोध रुग्णाच्या उपचारात उतरवण्याच्या कामाला ट्रान्स्लेशनल रिसर्च म्हणतात. हे उतरवणं नेमकं कुठे अडतं आणि ते वेगाने कसं करता येईल, याचाच शास्त्रीय अभ्यास म्हणजे ट्रान्स्लेशनल सायन्स. दोन्हींसाठी हुशार माणसं लागतात हे उघड आहे. पण हुशार माणसं असूनही काम अडतं, आणि ते सोडवणं बहुतेक वेळा एकट्या संशोधकाच्या हातात नसतं. ते विद्यापीठाच्या, वैद्यकीय महाविद्यालयाच्या आणि रुग्णालयाच्या हातात असतं.

वाट कुठे तुटते

ही वाट ढोबळपणे चार टप्प्यांची मानतात. प्रयोगशाळेतली कल्पना पहिल्यांदा माणसावर तपासणं, मग ती खरंच गुणकारी आहे का हे मोठ्या चाचण्यांतून ठरवणं, मग रोजच्या दवाखान्यांत ती वापरात आणणं, आणि शेवटी संपूर्ण समाजाच्या आरोग्यावर तिचा काय परिणाम झाला हे पाहणं. कागदावर हे टप्पे ओळीने येतात. प्रत्यक्षात मात्र रुग्णाच्या खाटेजवळ पडलेला प्रश्न पुन्हा प्रयोगशाळेत जातो, आणि तसा तो जायलाच हवा.

या वाटेवर किती शोध टिकतात? अमेरिकेतल्या एका अभ्यासगटाने २००३ मध्ये याचा हिशेब मांडला. १९७९ ते १९८३ या काळात नावाजलेल्या नियतकालिकांत छापून आलेले १०१ शोधनिबंध त्यांनी निवडले. ‘यातून उपचार निघेल’ असा दावा त्या सगळ्यांत ठळकपणे केलेला होता. वीस वर्षांनी पाहिलं तर त्यातल्या २७ शोधांवर माणसांवरच्या रीतसर तुलनात्मक चाचण्या झाल्या होत्या, ५ शोधांपासून मान्यताप्राप्त उपचार निघाले होते आणि व्यापक वापरात आला होता एकच.

‘शोधापासून वापरापर्यंत १७ वर्षं लागतात’ हे वाक्य या क्षेत्रात इतक्यांदा उद्धृत होतं की त्याला आता म्हणीचं वजन आलं आहे. माझ्या मते तो आकडा जरा जपूनच वापरावा. घड्याळ कुठून सुरू करायचं, प्रयोगशाळेतल्या पहिल्या नोंदीपासून की माणसावरच्या पहिल्या चाचणीपासून, यावर तो वाट्टेल तसा बदलतो. शिवाय सगळा उशीर वाईट नसतो. सुरक्षिततेच्या तपासण्यांना वेळ लागतो आणि तो लागायलाच हवा. खटकायला हवं ते असं वाट पाहणं, ज्यात कुणीच काही करत नसतं: करारावर सही व्हायची आहे, समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे, आकडेवारी बघणारा माणूस नाही.

कल्पना आणि औषध यांच्या मधल्या ओसाड पट्ट्याला या क्षेत्रात ‘मृत्यूची दरी’ म्हणतात. तिथे काम थांबण्याचं कारण साधं आहे. मूलभूत संशोधनाला अनुदान देणारी संस्था म्हणते, ‘यात नवं काय? शोध तर लागला आहे.’ औषध कंपनी म्हणते, ‘अजून फार कच्चं आहे, माणसावर काय होतं ते दाखवा, मग बोलू.’ रसायन विषारी आहे का हे प्राण्यांवर तपासणं, ते माणसाला देता येईल इतक्या शुद्ध दर्जाचं बनवणं, प्रत्येक खेपेत तेच बनतं का हे पाहणं, या कामांना खर्च प्रचंड येतो आणि शोधनिबंध मात्र क्वचितच निघतो.

त्यातही काही शोध पुढे नेण्याच्या लायकीचेच नसतात, आणि ते लवकर कळलेलं बरं. अ‍ॅमजेन कंपनीच्या शास्त्रज्ञांनी कर्करोगावरचे ५३ महत्त्वाचे मानले गेलेले प्रयोग स्वतः पुन्हा करून पाहिले. त्यातल्या फक्त ६ प्रयोगांचे निष्कर्ष पुन्हा तसेच आले, असं त्यांनी २०१२ मध्ये जाहीर केलं. दुसऱ्याचा प्रयोग पुन्हा करून पाहणाऱ्याला विद्यापीठात शाबासकी मिळत नाही. ती मिळेल अशी सोय कुणीतरी करावी लागते.

पेनिसिलिनची मधली दहा वर्षं

पेनिसिलिनची गोष्ट सहसा बुरशी लागलेल्या बशीपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. ट्रान्स्लेशनल संशोधनाच्या दृष्टीने खरी गोष्ट त्यानंतरची आहे. अलेक्झांडर फ्लेमिंगने १९२८ मध्ये बुरशीचा परिणाम पाहिला आणि १९२९ मध्ये त्यावर निबंध छापला. पण तो पदार्थ फार अस्थिर होता, शुद्ध करता येत नव्हता, आणि ते करायला लागणारा रसायनतज्ज्ञांचा गट फ्लेमिंगच्या हाताशी नव्हता. दहा वर्षं ते तसंच पडून राहिलं.

ऑक्सफर्डच्या सर विल्यम डन स्कूल ऑफ पॅथॉलॉजीमध्ये हॉवर्ड फ्लोरी विभागप्रमुख होता. त्याने एकाच छपराखाली जीवरसायनशास्त्रज्ञ, जंतुशास्त्रज्ञ आणि प्राण्यांवर प्रयोग करणारे अशी वेगवेगळ्या विद्यांची माणसं गोळा केली होती, आणि रॉकफेलर फाउंडेशनकडून अनेक वर्षांचं अनुदान मिळवलं होतं. अर्न्स्ट चेनने फ्लेमिंगचा जुना निबंध शोधून काढला. नॉर्मन हीटलीने पेनिसिलिन काढण्याची आणि मोजण्याची पद्धत बसवली. २५ मे १९४० रोजी आठ उंदरांना मारक जंतू टोचले आणि त्यातल्या चौघांना पेनिसिलिन दिलं. सकाळी ते चारही जिवंत होते, बाकीचे चार रात्रीतच मेले.

उंदरापेक्षा माणूस काही हजार पट वजनदार. आता बुरशी वाढवायला भांडी हवीत आणि युद्धामुळे काहीच मिळेना. हीटलीने रुग्णांच्या बेडपॅनच्या धर्तीवर चिनी मातीची चपटी भांडी कुंभाराकडून बनवून घेतली. बुरशीवर लक्ष ठेवायला, त्या भांड्यांतलं द्रव काढायला आणि ती पुन्हा भरायला तरुण मुली नेमल्या. विभागाची प्रयोगशाळा म्हणजे एक कारखानाच झाला. १२ फेब्रुवारी १९४१ रोजी जंतुसंसर्गाने चेहरा सडत चाललेल्या एका पोलिसाला पहिली मात्रा दिली. चोवीस तासांत तो सुधारू लागला. पेनिसिलिन इतकं कमी होतं की त्याच्या लघवीतून ते परत काढून पुन्हा त्यालाच टोचलं जात होतं. तरी साठा संपला, आजार उलटला आणि १५ मार्चला तो गेला.

औषध काम करतं हे कळलं होतं. कमी पडलं ते उत्पादन, आणि ते विद्यापीठाच्या आवाक्याबाहेरचं होतं. त्याच वर्षी जुलैमध्ये फ्लोरी आणि हीटली अमेरिकेला गेले. इलिनॉय राज्यातल्या पिओरिया गावी शेतीमालावर संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा होती. मक्यापासून स्टार्च काढताना उरणारा चिकट अर्क तिथे मुबलक होता. त्यावर बुरशी वाढवली तर पेनिसिलिन कितीतरी पटींनी जास्त मिळतं हे तिथल्या माणसांनी दाखवलं. वैद्यकशास्त्राशी ज्यांचा काडीचा संबंध नव्हता अशा माणसांकडे नेमकं हवं ते ज्ञान होतं.

या हकिकतीत संस्थेने काय दिलं ते पाहा. अनेक विद्यांची माणसं एकत्र ठेवली, लगेच निकाल न मागणारा पैसा मिळवला, भांडी धुणाऱ्या हातांना पगार दिला आणि स्वतःला जमत नाही तिथे दुसऱ्याच्या दारात जायची मोकळीक दिली. आजही यादी जवळपास तीच आहे.

वेळ ही पहिली मदत

संशोधन करणाऱ्या डॉक्टरला संस्थेकडून सगळ्यात आधी काय हवं असतं? कुणी म्हणेल उपकरणं. बहुतेक जण वेळ म्हणतील. सकाळी ओपीडी, दुपारी वॉर्डातला राउंड आणि शिकवणं, संध्याकाळी कागदपत्रं. संशोधन उरतं ते रात्री दहानंतर आणि रविवारी. अशा वेळेत शोधनिबंध वाचता येतो, चाचणी चालवता येत नाही.

‘रुग्ण तपासणारे संशोधक ही नामशेष होत चाललेली जमात आहे’ असा इशारा जेम्स विन्गार्डन यांनी १९७९ मध्येच दिला होता. पुढे ते स्वतः एनआयएचचे संचालक झाले. एनआयएचची तरुण डॉक्टरांसाठीची जी अनुदानं आहेत त्यांची एक अट मला फार शहाणपणाची वाटते. त्या डॉक्टरचा किमान ७५ टक्के कामाचा वेळ संशोधनासाठी राखीव राहील, असं त्याच्या संस्थेला लेखी द्यावं लागतं. काही शस्त्रक्रियांच्या शाखांत थोडी सूट असते, पण तत्त्व तेच. इथे अनुदान डॉक्टरला मिळत असलं तरी बांधली जाते ती संस्था. विभागप्रमुखाला ‘आज जरा ओपीडी सांभाळ’ म्हणताना विचार करावा लागतो.

अशी लेखी हमी नसेल तर राखीव वेळ कागदावरच राहतो. वॉर्डात माणूस कमी पडला की पहिली गदा संशोधनाच्या वेळेवर येते, कारण रुग्ण समोर बसलेला असतो आणि संशोधनाचा फायदा होणारा रुग्ण कदाचित अजून आजारीही पडलेला नसतो. म्हणून त्याच्या जागी ओपीडी बघणाऱ्या डॉक्टरचा पगार कोण देणार, हे आधी ठरलेलं लागतं. संस्थेचा पाठिंबा खरा की तोंडदेखला, हे इथेच कळतं.

नळीभर रक्ताचा प्रवास

संस्थेची मदत म्हणजे नेमकं काय, हे समजायला एकाच रुग्णाच्या एकाच रक्तनमुन्याचा माग काढू. समजा, मधुमेहावरच्या एका अभ्यासासाठी दुपारी चार वाजता रक्त घ्यायचं आहे.

त्याआधी कुणीतरी रुग्णाशेजारी बसून, त्याला कळेल अशा भाषेत अभ्यास समजावून सांगितलेला असतो, ‘नाही म्हणालात तरी उपचारांत फरक पडणार नाही’ हे पटवून दिलेलं असतं आणि संमतीपत्रावर सही घेतलेली असते. हे घाईत करायचं काम नाही. रक्त काढताच घड्याळ सुरू होतं. साध्या नळीत तसंच ठेवलेल्या रक्तातली साखर खोलीच्या तापमानाला तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी कमी होत जाते, कारण नळीतल्या पेशी जिवंत असतात आणि त्या ती वापरत राहतात. उशीर झाला तर पेशींमधलं पोटॅशियम बाहेर झिरपतं आणि त्याचा आकडा फुगतो. म्हणून कोणत्या नळीत घ्यायचं, पेशी आणि द्रव वेगळे करणाऱ्या सेंट्रिफ्यूज यंत्रात किती वेळात फिरवायचं, वरचा द्रव किती छोट्या नळ्यांत वाटायचा, हे ठरलेलं असतं. प्रत्येक नळीवर रुग्णाचं नाव नसलेला पण त्याच्याशी जोडता येणारा क्रमांक लावायचा. मग उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये, अमुक खण, अमुक पेटी, अमुक घर.

आता समजा नमुना प्रयोगशाळेत पोचेपर्यंत साडेपाच झाले आणि तंत्रज्ञ पाचला घरी गेला. नळी ट्रेमध्ये राहिली. दुसऱ्या दिवशी कुणीतरी ती फिरवून फ्रीझरमध्ये ठेवली आणि वेळेची नोंद केली नाही. तीन वर्षांनी संख्याशास्त्रज्ञाला एका गटात पोटॅशियम जास्त दिसतं. तो आजाराचा परिणाम की संध्याकाळच्या पाळीला माणूस नसण्याचा, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. मुख्य संशोधक कितीही नावाजलेला असो.

या एका नळीमागे स्टडी कोऑर्डिनेटर आहे, तंत्रज्ञ आहे, फ्रीझरची नोंदवही सांभाळणारा आहे, रात्री वीज गेली तर ज्याच्या फोनवर अलार्म वाजतो तो माणूस आहे. संशोधकाच्या तीन वर्षांच्या अनुदानातून ही माणसं नेमली तर अनुदान संपताच ती जातात आणि त्यांच्याबरोबर त्यांची तालीमही जाते. पुढचा प्रकल्प पुन्हा शून्यापासून. संस्थेने त्यांना कायमच्या पदांवर घेऊन अनेक प्रकल्पांमध्ये वाटलं, तर प्रत्येक नवा संशोधक तयार यंत्रणेवर उभा राहतो. रिकव्हरी चाचणीतल्या रिसर्च नर्स नेमक्या अशाच वाटलेल्या होत्या.

संख्याशास्त्रज्ञाबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. त्याला शेवटी बोलावण्याची खोड सगळीकडे आहे. डेटा जमा झाला, आता ‘जरा पी-व्हॅल्यू काढून द्या’, म्हणजे दिसलेला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का ते सांगा. खरं तर किती रुग्ण लागतील, तुलना कशाशी करायची, मधेच कुणी अभ्यास सोडला तर काय धरायचं, हे पहिला रुग्ण येण्याआधी ठरतं. ज्या संस्थेत संख्याशास्त्रज्ञाशी पहिली तासभराची चर्चा मोफत आहे तिथे लोक आधी जातात. जिथे त्या तासाचंही बिल संशोधकाच्या अनुदानातून कापलं जातं तिथे लोक नंतरच जातात.

समित्या, करार आणि सह्या

अभ्यास सुरू होण्याआधी त्यात रुग्णाचं हित जपलं जातंय का हे तपासणाऱ्या एथिक्स कमिटीला संशोधक अडथळा म्हणतात, आणि ते बरोबर नाही. पण एकच चाचणी वीस रुग्णालयांत करायची आणि वीसही समित्यांनी तोच आराखडा वेगवेगळा वाचून वेगवेगळ्या दुरुस्त्या सांगायच्या, यातून रुग्णाचं संरक्षण वाढतं असं दिसत नाही. एका ठिकाणी परिच्छेद वाढवा, दुसऱ्या ठिकाणी तोच काढा. अमेरिकेत एनआयएचने २०१८ पासून आपल्या पैशावर चालणाऱ्या बहुकेंद्री अभ्यासांना एकाच समितीची मंजुरी पुरेशी केली. त्यासाठी शेकडो संस्थांना ‘तुमच्या समितीचा निर्णय आम्हाला मान्य’ असं एकमेकींना लिहून द्यावं लागलं. वाटतं तितकं ते सोपं नव्हतं, कारण चूक झाली तर जबाबदारी कुणाची हा प्रश्न प्रत्येक संस्थेचा वकील विचारतो.

कंपनीबरोबरच्या करारांचंही तेच. पेटंट कुणाचं, निष्कर्ष प्रतिकूल आले तरी छापण्याचा हक्क कुणाचा, रुग्णाला इजा झाली तर भरपाई कोण देणार. दर वेळी हे नव्याने लिहिण्यापेक्षा सगळ्यांनी आधी मान्य केलेला एक ठरावीक मसुदा ठेवला, तर महिन्यांचं काम काही दिवसांत होतं. हे काम कंटाळवाणं आहे, त्यावर कुणी पुरस्कार देत नाही, आणि वेग वाढवणारं याच्याइतकं स्वस्त दुसरं काही मला तरी दिसत नाही.

बढतीच्या नियमांत खरी मेख

एखाद्या संस्थेने नवी इमारत बांधली, दारावर ‘ट्रान्स्लेशनल’ शब्द असलेली पाटी लावली, आणि बढतीचे नियम तेच ठेवले, तर काही बदलत नाही. निवड समिती काय मोजते? पहिलं किंवा शेवटचं नाव असलेले शोधनिबंध आणि आणलेलं अनुदान. ट्रान्स्लेशनल कामात एका निबंधावर चाळीस नावं असतात. ज्याने पाच वर्षं घालून सुरक्षिततेची कागदपत्रं तयार केली, नियामकांच्या, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या, शंभर प्रश्नांना उत्तरं दिली, त्याचं नाव सतराव्या क्रमांकावर.

काटालिन कॅरिको यांचं उदाहरण आता सर्वांना माहीत आहे. एमआरएनए म्हणजे पेशीला प्रथिन बनवण्याची सूचना देणारा रेणू. त्यापासून औषध बनवता येईल या कल्पनेला अनुदान मिळेना म्हणून १९९५ मध्ये अमेरिकेतल्या त्यांच्या विद्यापीठाने त्यांना खालच्या पदावर आणलं. त्या तिथेच टिकून राहिल्या. २००५ मध्ये त्यांनी आणि ड्रू वाइसमन यांनी एमआरएनएमधला एक घटक बदलला की शरीर त्यावर तुटून पडत नाही हे दाखवलं. कोविडच्या एमआरएनए लशी त्याच वाटेने आल्या आणि २०२३ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. ही गोष्ट चिकाटीची म्हणून सांगितली जाते. मला ती मोजमापाची वाटते. संस्थेने अनुदानाचा आकडा मोजला, आणि त्या फुटपट्टीत हे काम बसत नव्हतं. चिकाटी न दाखवता निघून गेलेल्यांची नावं आपल्याला कळत नाहीत.

उपाय अवघड नाहीत. गटातल्या प्रत्येकाने नेमकं काय केलं हे लिहून घ्यायचं आणि बढतीच्या वेळी ते वाचायचं. उपचाराच्या मार्गदर्शक सूचनांत बदल घडवणारं काम, पेटंट, नियामकांनी मंजूर केलेला अर्ज, दुसऱ्याचा प्रयोग पडताळून पाहणं, यांनाही गुण द्यायचे. अवघड आहे ते ज्येष्ठ प्राध्यापकांना पटवणं, कारण ते स्वतः जुन्या फुटपट्टीवर वर आलेले असतात.

पैसा कुणाचा, आणि ‘थांबा’ कोण म्हणणार

एनआयएचने २००६ मध्ये बारा संस्थांना यासाठीच अनुदान देऊन एक कार्यक्रम सुरू केला. विशिष्ट आजारासाठी नव्हे, तर वर सांगितलेल्या सामायिक यंत्रणेसाठी: प्रशिक्षण, संख्याशास्त्र, समित्यांचा समन्वय, कल्पना कच्ची असताना लागणारी छोटी रक्कम. आज अशी साठाच्या आसपास केंद्रं आहेत आणि त्यांच्यावर देखरेख ठेवायला २०११ च्या अखेरीस एनआयएचमध्ये स्वतंत्र केंद्र उभं राहिलं. सुरुवातीची छोटी रक्कम महत्त्वाची असते. ती फसली तरी चालेल अशी असते, आणि त्या पैशातून मिळालेल्या पहिल्या आकड्यांवर मोठं अनुदान मागता येतं.

सरकारखेरीज रुग्णांच्या संघटनाही ही दरी भरतात. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराचं जनुक १९८९ मध्ये सापडलं, पण रुग्ण थोडे म्हणून कंपन्या पुढे येईनात. अमेरिकेतल्या सिस्टिक फायब्रोसिस फाउंडेशनने देणग्यांतून जमवलेला पैसा थेट एका कंपनीच्या औषधशोधात घातला. त्यातून निघालेलं आयव्हाकाफ्टर २०१२ मध्ये मंजूर झालं. पुढे २०१४ मध्ये फाउंडेशनने आपला रॉयल्टीचा हक्क ३.३ अब्ज डॉलरना विकला आणि तो पैसा पुन्हा संशोधनाकडे वळवला. त्या औषधाची किंमत मात्र वर्षाला लाखांच्या घरात डॉलर होती, त्यावरून खूप टीकाही झाली.

पैसा आला की आणखी एक जबाबदारी येते. १९९९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या जनुकोपचाराच्या, म्हणजे आजारावर उपाय म्हणून शरीरात निरोगी जनुक घालण्याच्या, चाचणीत १८ वर्षांचा जेसी गेल्सिंगर दगावला. त्याचा यकृताचा आजार सौम्य होता, औषधं आणि पथ्यावर तो आटोक्यात होता. चौकशीत चाचणीच्या नियमांचं उल्लंघन झाल्याचं दिसलं. आधीच्या दुष्परिणामांची माहिती संमतीपत्रात पुरेशी नव्हती, आणि ज्या कंपनीचा या कामाशी संबंध होता तिच्यात प्रमुख संशोधकाचे आणि विद्यापीठाचेही आर्थिक हितसंबंध होते. त्यानंतर जनुकोपचाराचं सगळं क्षेत्रच कित्येक वर्षं मागे पडलं. अमेरिकेत आनुवंशिक आजारावरच्या पहिल्या जनुकोपचाराला मंजुरी मिळायला २०१७ उजाडलं.

संस्थेने संशोधकाला पाठबळ द्यायचं आणि त्याच संस्थेने गरज पडली तर त्याला रोखायचं, अशी ही दुहेरी भूमिका आहे. म्हणून चाचणीवर लक्ष ठेवणारी समिती संशोधकापासून आणि संस्थेच्या नफ्यापासून वेगळी लागते. आकडेवारी मधेच उघडून पाहण्याचा हक्क तिलाच असतो, आणि ती ‘थांबा’ म्हणाली की कुलगुरूंनाही थांबावं लागतं. रिकव्हरीमध्येही अशीच समिती होती. मलेरियावरचं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन तेव्हा जगभर गाजत होतं. नियामकांच्या विनंतीवरून या समितीने आकडेवारी पाहिली, संशोधकांना ती उघडून पाहायला सांगितलं, आणि जून २०२० च्या सुरुवातीला उपयोग नाही म्हणून चाचणीचा तो भाग बंद झाला.

पाठिंबा कामाला आला की नाही हे संस्थेने कसं ओळखायचं? वार्षिक अहवालात शोधनिबंधांची संख्या छापणं सोपं असतं. त्यापेक्षा काही रोखठोक आकडे ठेवता येतात. आराखडा तयार झाल्यापासून पहिला रुग्ण दाखल होईपर्यंत किती दिवस गेले? सुरू झालेल्या चाचण्यांपैकी कितींना ठरवलेले रुग्ण मिळाले आणि किती अर्ध्यावर सोडल्या गेल्या? संपलेल्या चाचण्यांपैकी कितींचे निष्कर्ष, अनुकूल असोत की प्रतिकूल, वर्षभरात जाहीर झाले? आणि दुसरीकडे सिद्ध झालेला उपचार आपल्याच रुग्णालयात किती जणांना मिळतो? हा शेवटचा आकडा मागितला की बहुतेक संस्थांत तो कुणाकडेच नसतो. संशोधन विभाग म्हणतो ते रुग्णसेवेचं काम, आणि रुग्णसेवा विभाग म्हणतो ते संशोधनाचं. तो मोजण्यासाठी एक माणूस नेमायचा, त्याला दोन्ही विभागांच्या नोंदी पाहायची मुभा द्यायची आणि त्याचा पगार कुठल्याही एका प्रकल्पावर टाकायचा नाही, इथून सुरुवात करता येते.